तरुण संघातली मुलं परक्या लोकांत, परक्या भाषेत सेवेला जायला तयार व्हावीत म्हणून काय करायचं?

माजिवडा_तरुणसंघ

सलाम सगळ्यांना. मी ठाण्यात आमच्या मराठी मंडळीचा, म्हणजे चर्चचा, तरुण संघ बघतो. पंचवीस-तीस मुलंमुली आहेत, बहुतेक कॉलेजची, काही नुकतीच नोकरीला लागलेली. उत्साह बघाल तर तोड नाही, बायबल क्विझला बक्षिसं आणतात, नाताळात कॅरोलला निघाले की घोडबंदर रोडच्या सोसायट्या पालथ्या घालतात, कुणाच्या घरी आजारपण असलं तर रात्री हॉस्पिटलात थांबायला हीच मुलं पुढे. पण मागच्या मिशन रविवारी पाळकसाहेबांनी उपासनेत विचारलं की तुमच्यापैकी कुणाला असं वाटतं का, की जिथे आपली भाषा नाही, आपलं जेवण नाही, आपली माणसं नाहीत तिथे जाऊन सुवार्तेची सेवा करावी, ज्याला वाटतं त्याने उभं राहावं, तर सगळं चर्च शांत, कुणी खाली बघतंय कुणी मोबाईल काढलाय.

नंतर पार्किंगमध्ये एक मुलगा माझ्याकडे आला, शेवटच्या वर्षाला आहे, आयटी करतोय, म्हणाला दादा मला खूप दिवस वाटतंय पण घरी तोंड उघडायची हिंमत नाही. त्याचे पप्पा वागळे इस्टेटला मशीनवर उभं राहून दोन पोरांना शिकवतायत, त्यांच्या डोळ्यांसमोर एकच आहे की हा एकदाचा कंपनीत चिकटला म्हणजे घराचा हप्ता सुटेल. मी त्याला काय सांगू? जा म्हणणं सोपं आहे, माझं काय जातंय.

जबरदस्ती मला नको आहे, आणि शिबिरात शेवटच्या रात्री लाईट मंद करून, सगळ्यांना रडवून हात वर करायला लावणं तर अजिबात नको, ते सोमवारपर्यंत पण टिकत नाही. पण गप्प बसणं पण बरोबर वाटत नाही, कारण तारणाची वार्ता आपल्या घरात आली ती कुणीतरी स्वतःचं घर सोडलं म्हणून आली. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेत आपण ख्रिस्ती जेमतेम १० लाख ८० हजार, म्हणजे एक टक्का पण नाही, तेव्हा "आधी आपलंच बघू" असं मंडळीत सारखं ऐकू येतं. ज्यांनी स्वतः सेवा केलीय, ज्यांच्या घरातून कुणी गेलंय, किंवा ज्यांना जायचं होतं आणि जमलं नाही, सगळ्यांनी मोकळेपणाने लिहा.

नेरूळची_शिक्षिका

सलाम बाळा. मी निवृत्त आहे, संडे स्कूल अजून घेते. मुलांना मिशनच्या गोष्टी आपण नेहमी लांबच्या सांगतो, आफ्रिका आणि चीनच्या, त्यांना वाटतं हे दुसऱ्याच कुठल्या जातीच्या माणसांचं काम. तू ठाण्याचा आहेस ना, मग ठाण्यापासून सुरुवात कर.

१३२१ साली चार फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिसच्या कॅथलिक संघातली माणसं ठाण्याला उतरली होती. निघाली होती चीनला, होर्मुझवरून जहाज घेतलं आणि ते इकडे लागलं. इथे तेव्हाही पंधराएक ख्रिस्ती घरं होती, पूर्वेकडच्या जुन्या मंडळीची, त्यांच्याकडे ती उतरली. तोलेंतिनोचा थॉमस, पाडुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि चौथा डेमेत्रियस. पुढे काजीपुढे धर्मावरून वाद झाला आणि त्या एप्रिल महिन्यात चौघंही मारले गेले. त्यांचा सोबती जॉर्डानस त्या वेळी बाहेरगावी होता म्हणून वाचला, त्याने परत येऊन सोबत्यांना सोपाऱ्याला नेऊन पुरलं आणि स्वतः पळून न जाता इकडेच राहिला, एकटा, आणि युरोपात आपल्या लोकांना पत्रं लिहीत राहिला की इकडे माणसं पाठवा. हे सगळं आपल्या लोकलच्या स्टेशनांच्या आसपास घडलंय आणि आपल्या मुलांना यातलं काही माहीत नसतं.

आता दुसरा, आपला वसईचा गोन्सालो गार्सिया. बाप पोर्तुगीज, आई इथली. पोरवयात जेसुइट या दुसऱ्या कॅथलिक संघाच्या पाद्र्यांबरोबर जपानला गेला, तिथली भाषा शिकला, मग काही काळ व्यापार केला, त्यात पैसा कमावला, आणि ते सगळं बाजूला ठेवून मनिलात फ्रान्सिस्कन बंधू झाला. पुन्हा जपानला गेला तो दुभाषी म्हणून. १५९७ च्या ५ फेब्रुवारीला नागासाकीला २६ जणांना क्रुसावर चढवलं त्यात हा आपला वसईकर. १८६२ मध्ये तो संत झाला, भारतात जन्मलेला पहिला. त्याच्या नावाचं कॉलेज वसईत आहे, रोज हजारो मुलं त्या गेटातून जातात.

हे कॅथलिक आणि आपण प्रोटेस्टंट असलं काही इथे मधे आणू नका. मला सांगायचंय ते वेगळं आहे. डेमेत्रियस आणि गोन्सालो हे दोघंही पाद्री नव्हते. दोघांनाही मोठं वक्तृत्व म्हणून कुणी नेलं नव्हतं, भाषा येते म्हणून नेलं होतं. तुमच्या आयटीच्या मुलाला वाटत असेल की मिशनरी म्हणजे स्टेजवर उभा राहून तासभर बोलणारा माणूस, आणि ते मला जमणार नाही, तर त्याला या दोघांबद्दल सांग.

आणि आपल्या मंडळ्यांचं मूळही सांग. १८०६ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजातली पाच पोरं पावसात अडकून गवताच्या गंजीच्या आडोशाला प्रार्थनेला बसली, त्यातून १८१० मध्ये परदेशात मिशनरी पाठवणारं अमेरिकन बोर्ड उभं राहिलं, आणि १८१३ च्या फेब्रुवारीत त्या बोर्डाचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईत उतरले. कंपनी सरकार त्यांना परत घालवायला निघालं होतं, हे हटले नाहीत. हॉल तेव्हा २८ वर्षांचा होता. मराठी शिकला, रस्त्यावर, बाजारात मराठीत बोलायचा, आणि १८२६ मध्ये नाशिककडच्या फेरीत कॉलऱ्याने गेला. वय सांगितलंस की मुलांचे कान टवकारतात, तारखा नुसत्या सांगितल्यास की झोपतात, हे माझं चाळीस वर्षांच्या शिकवण्यातलं बोलणं समज.

ऐरोलीकर_परतलेली

टीचर तुम्ही छान लिहिलंत. मी गेले होते म्हणून लिहिते. आधी ऐरोलीत एका कंपनीत सपोर्टला होते, नाईट शिफ्ट, पगार बरा होता. मग झारखंडला संथाल परगण्यात गेले, दुमकाच्या बाजूला, मुलींच्या एका होस्टेलवर. काही वर्षं राहिले, आई आजारी पडली तेव्हा परत आले.

मला कुणी भाषण देऊन पाठवलं नाही. आमच्या तरुण संघात एक तामिळ ताई आल्या होत्या, गुजरातेत डांगमध्ये राहिलेल्या. मिटिंगमध्ये त्या पाच मिनिटं बोलल्या असतील, ते मला आठवत पण नाही. पण जेवण आमच्या घरी होतं आणि भाकरी थापता थापता मम्मीशी बोलत होत्या, की पहिल्या पावसाळ्यात किती रडले, पाणी कुठून आणायचे, शेजारची बाई तापात मुलाला घेऊन रात्री कशी आली आणि तिला आपल्याकडेच यावंसं वाटलं याचं त्यांना किती वाटलं. मी कांदा कापत ऐकत होते. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की हे माझ्यासारखं माणूस करू शकतं. म्हणून दादा माझं सरळ म्हणणं आहे, मुलांसमोर आवाहन ठेवू नका, माणूस ठेवा. आणि स्टेजवर नको, जेवायच्या ताटावर.

तिथलं एक सांगते. संथाल घरात पाहुणा आला की पहिल्यांदा लोट्यात पाणी आणून समोर ठेवतात, वाकून जोहार करतात, मग बोलणं. मी पोचले तेव्हा डोक्यात होतं की मी यांना काहीतरी द्यायला आलेय. आणि पहिल्याच घरात एक म्हातारी, जिच्या अंगणात कोंबडी आणि दोन मडकी सोडून काही नव्हतं, तिने घासून लखलखीत केलेला लोटा माझ्या पायाशी ठेवला. मला भाषेतला एक शब्द येत नव्हता. तिच्याकडे मी मग रोज दुपारी जाऊन बसायचे, ती सालाच्या पानांच्या पत्रावळी काडीने टाचायची आणि मी पण टाचायचे, माझ्या सुटायच्या, ती हसायची आणि पुन्हा काडी कशी मोडून घालायची ते दाखवायची. संथाली तिथे बसून शिकले. ती भाषा ना मराठीला जवळची ना हिंदीला, ओल चिकी लिपी पण वेगळी. आमच्या मोठ्या बाईंनी पहिल्या दिवशीच बजावलं होतं, भाषा येईपर्यंत उपदेश करायचा नाही, आधी शेजारीण हो. तेव्हा जड गेलं, आता वाटतं हेच खरं शिक्षण होतं. कारण ज्या बाईच्या अंगणात तुम्ही वर्षभर बसलात ती जेव्हा स्वतःहून विचारते की तू घरदार सोडून इथे का आलीस, तेव्हा जे बोलणं होतं ते मनापासून होतं, दोघींकडून.

आता थोडं कडवट पण सांगायलाच हवं. मी परत आले तेव्हा ज्या मंडळीने हार घालून पाठवलं होतं तिथे एकाही रविवारी मला कुणी विचारलं नाही की कशी आहेस, झोप लागते का, नोकरीचं काय. पहिल्या दोन वर्षांनंतर पत्रं थांबली होती, पैसे पण कधी यायचे कधी नाही. मंडळीचं नाव घेणार नाही. पण आत्ताची मुलं हे सगळं बघत असतात. त्यांना दिसतं की पाठवताना किती टाळ्या आणि परत आल्यावर काय. तुमच्या मुलांना तयार करायचंय ना, तर आधी मंडळीला तयार करा.

कोपरखैरणे_बाप

मी एक बाप म्हणून लिहितोय, कुणी राग मानू नका. माझी मुलगी बीएससी नर्सिंग झालीय आणि तिला ओडिशातल्या एका मिशन हॉस्पिटलात जायचंय. विश्वासात मी कमी नाही, आमच्या घरात तीन पिढ्या मंडळीत आहेत, रोज संध्याकाळी प्रार्थना होते. पण माझे प्रश्न आहेत आणि ते विचारले की लगेच लोक म्हणतात भाऊ विश्वास ठेवा. विश्वास आहेच हो, पण पीएफ आहे का हे विचारणं म्हणजे अविश्वास कसा? मेडिक्लेम कोण भरणार, तिथे ती आजारी पडली तर जवळचं मोठं हॉस्पिटल किती तासावर, राहायला कुठे, सोबत कोण, सुट्टीवर कधी येणार. लग्नाचं काय. तिचं वय आत्ता चोवीस, चार वर्षांनी परत आली तर स्थळं बघताना लोक काय काय विचारतात ते मुलींच्या आईबापांनाच माहीत. आणि २३ जानेवारी १९९९ ला सकाळच्या बातम्यांत ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन लहान मुलांना जिवंत जाळल्याचं ऐकलं ते मी अजून विसरलेलो नाही, ते पण ओडिशातच होतं.

दादा, तुम्ही मुलांना प्रोत्साहन द्या, पण आधी आमच्याशी बोला. मुलांना शिबिरात नेऊन परत आणता आणि मग घरात बॉम्ब पडतो, आणि सांगायचं कुणी, त्या पोराने. तुमच्या त्या मुलाच्या पप्पांकडे तुम्ही आणि पाळकसाहेब दोघं जा, चहा घ्या, त्यांच्या हप्त्याचं ऐकून घ्या. त्यांना कुणी कधी विचारलेलंच नसेल.

खारघर_२२

हाय सगळ्यांना, इथे सगळे मोठे बोलतायत, मी बावीस वर्षांचा आहे म्हणून आमच्या बाजूने बोलतो. त्या रविवारी मी असतो तर मी पण उभा राहिलो नसतो. सगळ्या मंडळीसमोर, आईबाबा मागच्या बाकावर, उभं राहिलं की लगेच त्याचा अर्थ झाला की याने आयुष्य दिलं, आणि सहा महिन्यांनी मी एमबीएला ॲडमिशन घेतली की जो तो विचारणार काय रे तुझं पाचारण होतं ना. प्रश्नच असा असतो की हो म्हटलं तर सगळं आणि नाही म्हटलं तर काहीच नाही. मधली पायरी नसते.

दुसरं म्हणजे जव्हार-मोखाड्याच्या ट्रिपा. बस करून पाड्यावर जायचं, गाणी म्हणायची, बिस्किटं वाटायची, पोरांना घेऊन फोटो काढायचे आणि संध्याकाळी परत. मला ते आवडत नाही, खरंच आवडत नाही. त्या मुलांचे फोटो आपल्या स्टेटसला कशाला? वारली, कातकरी लोकांची स्वतःची बोली आहे, आपण तिचे दोन शब्द पण शिकून जात नाही. जायचं तर चार जणांनी जा, आठ-दहा दिवस रहा, ज्यांच्याकडे राहाल त्यांच्याबरोबर काम करा, फोन बॅगेत ठेवा. असं कुणी नेलं तर मी रजा काढून येईन.

आणि आम्हाला खरं सांगा ना. एकटेपणा येतो, काही लोक दार लावून घेतात, वर्षानुवर्षं काही घडत नाही असं वाटतं. इंग्रज मिशनरी विल्यम केरी १७९३ ला बंगालमध्ये उतरला आणि पहिल्या बंगाली माणसाचा बाप्तिस्मा झाला १८०० मध्ये, सात वर्षं, त्यात त्याचं स्वतःचं एक पोरगं गेलं, बायको मनाने कोसळली. हे मी स्वतः वाचलं, संडे स्कूलमध्ये मला फक्त एवढं शिकवलं की त्याने चाळीस भाषांत बायबल छापलं. अवघड बाजू वाचल्यावर मला ते काम जास्त ओढ लावतंय, कमी नाही. आम्ही अवघडाला घाबरत नाही, आम्हाला गोड करून सांगितलेलं पटत नाही.

अजून एक. मी डेटामध्ये काम करतो. भाषांतर करणाऱ्यांना, बोलीभाषा रेकॉर्ड करणाऱ्यांना, दुर्गम हॉस्पिटलांना माझ्यासारखी माणसं लागत असतील ना? कुणीतरी हे विचारून आम्हाला सांगायला हवं, आम्हाला कुठे विचारायचं तेच कळत नाही.

बेलापूरचा_वकील

मी कोर्टात प्रॅक्टिस करतो आणि मंडळीचा सभासद आहे, त्यामुळे हे सांगणं माझं कामच आहे. मुलांना पाठवण्याआधी कायदा समजावून सांगा, घाबरवण्यासाठी नाही, सरळ चालण्यासाठी. घटनेच्या कलम २५ मध्ये आपला धर्म मानणं, आचरणं आणि त्याचा प्रसार करणं हा हक्क आहे, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य याच्या अधीन राहून. १९७७ मध्ये रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं मांडणं, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. धर्मांतरावर ओडिशाचा कायदा १९६७ चा, मध्य प्रदेशचा पहिला १९६८ चा, गुजरातचा २००३ चा, उत्तर प्रदेशचा २०२१ चा. उत्तर प्रदेशात धर्म बदलणाऱ्याने ६० दिवस आधी जिल्हा प्रशासनाला कळवावं लागतं. प्रत्येक राज्याचं वेगळं आहे, जिथे जाणार तिथला आत्ताचा कायदा तिथल्या वकिलाकडून समजून घ्या. नेपाळला मुलं सहज जातात, तिथे २०१५ च्या राज्यघटनेतच दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई आहे. परदेशात टुरिस्ट व्हिसावर जाऊन प्रचार तर करूच नका.

आणि मदत आणि विश्वास यांची गाठ कधीही मारू नका. औषध द्यायचं तर आजारी आहे म्हणून द्या, शिकवायचं तर मूल आहे म्हणून शिकवा, प्रार्थनेला ये नाहीतर मिळणार नाही हे कायद्याला तर चालत नाहीच, पण प्रभूला तरी चालेल का? दहा कुष्ठरोगी बरे केले तेव्हा परत एकच आला, बाकी नऊ जणांचं बरेपण येशूने काढून घेतलं नाही. खारघरच्या दादाने बिस्किटांचं लिहिलंय त्याला माझा पाठिंबा आहे. लहान मुलांसाठी काहीही करायचं असेल तर आईवडिलांची लेखी परवानगी घ्या.

भावाने ग्रॅहम स्टेन्सचं लिहिलं म्हणून सांगतो. ते १९६५ पासून मयूरभंजमध्ये कुष्ठरोग्यांत होते. त्यांच्या पत्नीने मारणाऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर सांगितलं, तिथेच राहून काम चालू ठेवलं, बारीपदाला हॉस्पिटल उभं राहिलं आणि २००५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण मुलीला जाताना हेही माहीत असू दे.

नेरूळची_शिक्षिका

कोपरखैरण्याच्या भाऊंना उत्तर द्यायचं राहिलं. भाऊ तुमचे सगळे प्रश्न रास्त आहेत, एकही मागे घेऊ नका. मुलीसाठी एवढंच सांगते की १८२७ मध्ये सिंथिया फरार नावाची एक अविवाहित बाई अमेरिकेहून मुंबईत उतरली, पुढे अहमदनगरला गेली, मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ मध्ये तिथेच गेली. जोतिबांनी तिची नगरची शाळा पाहिली होती आणि सावित्रीबाईंनी तिच्याकडे शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं. तिच्याही घरच्यांना काय वाटलं असेल हो. पण आज महाराष्ट्रातली कुठलीही मुलगी पाटी घेऊन बसते त्यात त्या बाईचा वाटा आहे, आपल्या ख्रिस्ती मुलींचाच नाही, सगळ्यांच्या मुलींचा.

आणि पैशाचं. आपल्या लोकांना वाटतं मिशनला पैसा बाहेरून येतो. मिझोरामकडे बघा. १८९४ मध्ये लॉरेन आणि सॅव्हिज हे दोन मिशनरी तिथे पोचले, भाषेला लिपी नव्हती ती बसवली. त्या मिझो मंडळीच्या बायका आज शंभरहून जास्त वर्षं एक करतायत, रोजचा भात रांधायच्या आधी त्यातला मूठभर तांदूळ बाजूला काढतात, तो मंडळीत गोळा होतो, विकला जातो आणि त्या पैशावर माणसं सेवेला जातात. श्रीमंत नाहीत हो ती माणसं. तामिळनाडूत तिरुनेलवेलीच्या मंडळीने १९०३ मध्ये स्वतःची इंडियन मिशनरी सोसायटी काढून आपली माणसं तेलुगू मुलखात दोरनाकलला पाठवली. ऐरोलीकर ताईंना भेटलेल्या त्या तामिळ ताई डांगात पोचल्या त्याही अशाच कुठल्यातरी प्रार्थना-गटांच्या जोरावर असणार, फ्रेंड्स मिशनरी प्रेयर बँडचं सगळं काम तसंच उभं आहे, आपल्याच देशातल्या विश्वासणाऱ्यांच्या पैशावर आणि गुडघ्यांवर. आपल्या मराठी मंडळ्यांना दोनशे वर्षं मिळत आलंय. आता आपली पाठवायची पाळी आहे, आणि ती फक्त जाणाऱ्या पोराची नाही, सगळ्या बाकांची आहे.

दोरनाकलचे अझरिया, जे पुढे १९१२ मध्ये पहिले भारतीय अँग्लिकन बिशप झाले, ते १९१० मध्ये एडिंबराच्या मोठ्या मिशनरी परिषदेत गोऱ्या मिशनऱ्यांना स्पष्ट म्हणाले होते की तुम्ही गरिबांना सगळं दिलंत, आम्हाला मित्र द्या. मुलांना हे जरूर सांगा. वारल्यांच्या पाड्यावर आपण गेलो तर आता ते आपल्याला ऐकवायचं झालंय.

ऐरोलीकर_परतलेली

भाऊ, तुमच्या मुलीला माझ्याशी बोलायचं असेल तर मी येईन घरी, तुम्ही आणि वहिनी पण बसा. जायच्या आधी हॉस्पिटलला लेखी विचारा, पगार किती, सुट्टी किती, आजारी पडल्यास काय, किती वर्षांचा करार. चांगल्या संस्था सगळं लिहून देतात, जी देत नाही तिथे पाठवू नका. वेल्लोरच्या सीएमसीत (ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात) मंडळीच्या स्पॉन्सरशिपवर शिकलेली मुलं शिक्षणानंतर मिशन हॉस्पिटलात ठरलेली वर्षं काम करतात, ठरलेलं असतं सगळं, अशी मुलंमुली तिथे सोबतीला असतील, ती एकटी नसेल.

खारघरच्या दादा, तुझ्या मधल्या पायरीबद्दल. ती नवी मुंबईतच आहे. सोसायटीचा वॉचमन नेपाळी, बांधकामावर ओडिया आणि बंगाली, खारघरला मणिपूर-मिझोरामची मुलं नोकरीला, दिघा-घणसोलीच्या वस्तीत भोजपुरी बोलणारी घरं. एक भाषा धर आणि एका घराशी ओळख ठेव, वर्षभर. धर्मावर बोलायची घाई नको, त्यांच्या पोराचा शाळेचा फॉर्म भर, गावाला फोन लागत नसेल तर लावून दे, सणाला बोलावलं तर जा. परक्या माणसाच्या घरात पाय घडी करून बसता येतं का हे तुला आणि तुझ्या मंडळीला त्यात कळेल. ज्याला इथे रस वाटला नाही त्याला दुमकाला पण वाटणार नाही. आणि ज्याला वाटला त्याला उभं राहा म्हणायची गरज पडत नाही, तो येऊन सांगतो. डेटाचं काम पण आहे, बोलीभाषांचे शब्द, गोष्टी रेकॉर्ड करून नीट लावून ठेवायला तिथे हात कमी पडतात हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

माजिवडा_तरुणसंघ

मनापासून आभार सगळ्यांचे. मी हे सगळं प्रिंट काढून पाळकसाहेबांना दिलं आणि काल रात्री आम्ही दोघं त्या मुलाच्या घरी गेलो. त्याच्या पप्पांनी पहिला अर्धा तास काहीच बोलायचं नाही असं ठरवलं होतं बहुतेक. मग हप्ता किती राहिलाय, धाकटीचं बारावीचं काय, ते सगळं काढलं. शेवटी म्हणाले नोकरी दोन वर्षं करू दे, धाकटीचं मार्गी लागू दे, मग मी अडवणार नाही, आणि तोवर त्याला जे शिकायचंय ते शिकू दे. मुलगा हो म्हणाला. मला ते बरोबर वाटलं, दोघांचंही.

मंडळीच्या कमिटीसमोर आता दोन गोष्टी ठेवतोय. एक, महिन्याच्या अर्पणातला ठरलेला भाग वेगळ्या खात्यात, फक्त आपल्यातून जाणाऱ्या माणसासाठी, पीएफ आणि मेडिक्लेम धरून, आणि परत आल्यावर सहा महिन्यांचा खर्च पण त्यातूनच. खजिनदार काकांचा विरोध आहे, छताचं काम अडलंय म्हणतात, बघू. दुसरं म्हणजे मिशन रविवारी उभं राहायला सांगणं बंद, त्याऐवजी त्या महिन्यात दर आठवड्याला एकाच्या घरी जेवण आणि गेलेलं एखादं माणूस समोर.

वकीलसाहेब, तरुण संघासाठी कायद्यावर एक तास घ्याल का, शनिवारी संध्याकाळी? खारघरच्या भावा, पावसाळा संपला की चार जणांचं जाणं ठरवतोय, तुझी रजा कधीची ते मेसेज कर. आणि ऐरोलीकर ताई, पहिलं जेवण तुमच्याबरोबर करायचं आहे, आमच्या घरी, बायको विचारतेय की तुम्हाला मासे चालतात का.